चार हजार पाच

फाइलच्या आतल्या पानावर डॉक्टरांनी निळ्या पेनने ४००५ लिहिलं होतं. त्यापुढे तिरपी रेघ आणि १५. मग अधिक, मग १०००, पुन्हा रेघ आणि ५. मिरजेहून सांगलीला येताना सिटी बसमध्ये मी ते पान उघडून बसले. आकड्यांची मला भीती नाही, दिवसभर माझ्या तोंडात टाचण्या आणि डोक्यात आकडेच असतात. पण ते छत्तीस, साडेचौदा, सव्वासहा असे. चार हजार पाच हे कशाचं माप, कुठून कुठवर धरायचं, काही कळेना. विश्रामबागला एक बाई शेजारी येऊन बसल्या तशी मी फाइल मिटली.

गावभागात घराच्या पुढच्या खोलीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाऊज, फॉल-पिको, लग्नसराईत अस्तराचं काम. वय सेहेचाळीस. डाव्या स्तनाचा कॅन्सर. गाठ आणि काखेतल्या गाठी काढल्या, स्तन ठेवला, मग किमो झाली. किमोचं सांगत बसत नाही. केस जातात, उलट्या होतात, ते सगळ्यांना माहीत असतं. रेडिएशनला, म्हणजे किरणांच्या उपचाराला, मात्र आमच्याकडे एकच शब्द, 'लाइट'. 'लाइट घ्यायला जाते' म्हटलं की समोरचा गप्प होतो, कारण पुढे काय विचारायचं हे त्याला सुचत नाही. सासूबाईंच्या पिढीत 'शेक' म्हणत. त्यांच्या धाकट्या जावेला कोबाल्टचा शेक दिला होता आणि छाती कोळशासारखी झाली होती, हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय.

किमो संपल्यावर तीन आठवड्यांनी मला प्लॅनिंगच्या सीटी स्कॅनला बोलावलं आणि तिथूनच परत पाठवलं. डावा हात वर जाईना. लाइट घेताना दोन्ही हात डोक्याच्या वर धरून निजावं लागतं, नाहीतर दंड किरणांच्या वाटेत येतो. माझा हात कानापर्यंतही पोचत नव्हता. ऑपरेशननंतर फिजिओथेरपीच्या मॅडमनी व्यायाम दाखवले होते, कागदही दिला होता. मी पंधरा दिवस केले आणि किमोत सोडून दिले. मशीनवर बसताना हात पुढे लागतात, वर कशाला उचलायचे, असा माझा हिशेब. चूक माझीच. डॉक्टर रागावले नाहीत, पण फार लांबवून चालणार नाही म्हणाले आणि दहा दिवस दिले.

व्यायाम साधा होता. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढत जायची. दुकानाच्या भिंतीवर २०१९ च्या पुराची रेघ आहे. त्या ऑगस्टमध्ये पाणी कुठवर चढलं होतं ते यांनी खिळ्याने ओरखडून ठेवलंय, माझ्या डोक्याच्या वर वीतभर. रोज संध्याकाळी बोट जिथे थांबेल तिथे मी कटिंगच्या खडूने खूण करायची. पहिल्या दिवशीची खूण पुराच्या रेघेपासून दोन विती खाली. चौथ्या दिवशी काखेतून दंडाकडे एक दोरी ताणल्यासारखी व्हायला लागली, नुसतं वाटणं नव्हे, बोटाने चाचपली तर कातडीखाली खरोखर लागायची. मी घाबरून फोन केला. मॅडम म्हणाल्या, काखेतल्या गाठी काढल्यावर होतं असं, सावकाश ताणत राहा, हिसका देऊ नका. नवव्या दिवशी बोट पुराच्या रेघेला टेकलं. दारात भाजी निवडत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "पाण्यानं एका रात्रीत गाठली होती ती रेघ."

प्लॅनिंगचा सीटी हा तपासणीचा सीटी नव्हे. रोग शोधायला नाही, माप घ्यायला असतो. टेबलावर एक उतरती फळी, तिला दंड टेकवायला खाचा आणि वर धरायला दांडी. कुठली खाच कितव्या नंबरवर लावली हे टेक्निशियन मुलगी लिहून घेत होती, कारण पुढे रोज तसंच निजवायचं होतं. तिने स्तन जिथे सुरू होतो आणि जिथे संपतो तिथे कडेने बारीक तार चिकटवली, टाक्यांच्या व्रणावर आणखी एक. सीटीत तार पांढरी दिसते म्हणे. भिंतीतून आणि छतातून लाल रेघा अंगावर पडल्या, त्या जिथे एकमेकींना छेदत होत्या तिथे शाईचा थेंब ठेवून सुईने टोचलं. मधोमध एक आणि दोन्ही कुशींना एकेक, असे तीन ठिपके. राईपेक्षा बारीक, पण कायमचे.

पंचवीस वर्षं मी बायकांची छाती मोजतेय. टेप पाठीमागून पुढे आली की बाई छताकडे बघते, नवी असो की जुनी. त्या दिवशी छताकडे बघणारी मी होते.

माझी बाजू डावी, म्हणजे हृदय शेजारी. म्हणून आणखी एक गोष्ट शिकायची होती. पोटावर एक छोटी डबी ठेवली, तिच्यावर चमकणारे ठिपके. माझा श्वास किती वर-खाली होतो ते कॅमेरा त्यावरून बघतो. खोल श्वास घेऊन धरला की फुफ्फुस फुगतं आणि हृदय छातीच्या पुढच्या भिंतीपासून लांब, मागे-खाली सरकतं. तेवढ्या वेळातच किरण सोडायचे. वीस सेकंद धरायचा, तोही दर वेळी तेवढाच, कमी नाही आणि फुशारकीने जास्तही नाही. पहिल्या खेपेला मी अकराव्या सेकंदाला खोकले. मुलगी म्हणाली, "काकू, घरी सराव करा." घरी मी मोटरवर बॉबीन लावायची, श्वास धरायची, बॉबीन भरली की सोडायची. त्या आठवड्यात दुकानात बॉबिनी एवढ्या भरून झाल्या की दोन महिने पुरल्या.

मग आठ दिवस काही नाही. फोन केला की उत्तर एकच, "प्लॅन चालू आहे." मधल्या दिवसांत महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कागद झाले. केशरी रेशनकार्ड, आरोग्यमित्राची खिडकी, फोटो, अंगठा. ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. पण मनात खुटखुट होतीच. कापड घेऊन आठ दिवस बसणारा टेलर हा काम टाळणारा असतो, हे मी धंद्यात शिकलेय. शेवटी एका दुपारी आम्ही दोघं जाऊन उभे राहिलो, तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला फिजिसिस्टकडे, म्हणजे किरणांचा हिशेब मांडणाऱ्या माणसाकडे, पाठवलं. म्हणाले, "यांना पडद्यावर दाखवा, त्याशिवाय त्या जाणार नाहीत."

फिजिसिस्ट सर माझ्या भाच्याच्या वयाचे. पडद्यावर माझी छाती आडवी कापलेली, दर तीन मिलिमीटरला एक काप. प्रत्येक कापावर डॉक्टरांनी हाताने रेघा ओढल्या होत्या. स्तनाची वेगळी, हृदयाची वेगळी, दोन्ही फुफ्फुसांच्या वेगळ्या. गाठ जिथून काढली तिथे ऑपरेशनच्या वेळी सर्जननी टायटॅनियमच्या बारीक क्लिपा लावून ठेवल्या होत्या, त्या पांढऱ्या ठिणग्यांसारख्या दिसत होत्या. मी टाचण्या लावून ठेवते त्याच कारणासाठी, पुढच्या माणसाला जागा सापडावी म्हणून.

मी आधी चार हजार पाचचं विचारलं. सर म्हणाले, किरणांची किती ऊर्जा शरीराने शोषली हे 'ग्रे'मध्ये मोजतात, एका किलोला एक ज्यूल म्हणजे एक ग्रे. त्याचा शंभरावा भाग सेंटीग्रे. फाइलमध्ये सेंटीग्रे लिहिलेत, म्हणजे चाळीस ग्रे आणि वर पाच पैसे. ते पंधरा दिवसांत वाटायचे. यांनी लगेच तोंडी भागाकार केला, "दोनशे सदुसष्ट रोज." हे मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहेत, त्यांचा गुंता आकड्यांत सुटतो. पुढचे १००० हा बूस्ट, गाठीच्या जागेपुरता जादा डोस, पाच दिवस. पन्नाशीच्या आतल्या बायकांना गाठ पुन्हा त्याच जागी येण्याचा धोका थोडा जास्त, म्हणून.

आमच्या ओळखीत एकीला पंचवीस दिवस लाइट दिली होती, मला पंधराच का? योजनेतलं म्हणून कमी देतात का, हे मी स्पष्ट विचारलं. तसं काही नव्हतं. पूर्वीची रीत पन्नास ग्रे, पंचवीस दिवस. इंग्लंडमध्ये १९९९ पासून दोन हजारांहून जास्त बायकांचे दोन गट करून ही रीत आणि पंधरा दिवसांत चाळीस ग्रे यांची तुलना केली. दहा वर्षांचे निकाल २०१३ साली आले. आजार तितकाच आटोक्यात होता, आणि स्तन आक्रसणं, सूज राहणं हे पंधरा दिवसांच्या गटात उलट कमी. रोजचा हप्ता थोडा मोठा केला की एकूण डोस कमी लागतो, ही नुसती बेरीज नव्हे. पुढे २०२० मध्ये तर पाच दिवसांत सव्वीस ग्रे देऊन तसाच निकाल आला. मी म्हटलं, मग मला पाचच द्या की. सर हसले. "ते डॉक्टरांना विचारा." डॉक्टरांनी पंधराच ठेवले.

खरी गंमत पुढे होती. पडद्यावर स्तनावरून रंग पसरले होते, निळा, हिरवा, पिवळा, आणि दोन-तीन ठिकाणी लाल. सर सांगायला लागले. किरण समोरून छातीत घुसवत नाहीत. दोन्ही कुशींकडून तिरपे, छातीला चाटून जातील असे सोडतात, म्हणजे फुफ्फुसाची फक्त एक पातळ फोड वाटेत येते. पण स्तनाचा आकार छातीशी जाड आणि टोकाकडे पातळ. सगळीकडे सारखाच झोत सोडला तर पातळ भागात डोस जास्त पडतो. मग यंत्राच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या पट्ट्या सरकवून थोडा वेळ तो भाग झाकायचा, जाड भाग उघडा ठेवायचा.

"म्हणजे टक्स घेता," मी म्हटलं.

त्यांना टक्स माहीत नव्हते. मी टेबलावरचा कागद घेऊन दाखवलं. सपाट कापड गोलाव्यावर बसवायचं तर कुठेतरी चूण घालून जास्तीचं मारावं लागतं. नाही मारलं तर तिथे फुगा येतो. त्यांनी तो कागद उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "अगदी हेच काम करत होतो आठ दिवस." ठरलेल्या डोसच्या ९५ टक्क्यांच्या खाली कुठे जाऊ द्यायचं नाही आणि १०७ च्या वर चढू द्यायचं नाही, अशी त्यांची शिवणीतली सूट. प्लॅन झाला की माणसाच्या जागी मापं घेण्याचा ठोकळा ठेवून यंत्र खरोखर तेवढंच देतं का हे बघायचं, आणि मगच पेशंट. आठ दिवसांचा माझा राग तिथे संपला. जाता जाता त्यांनी बोट ठेवून दोन जागा दाखवल्या, स्तनाखालची घडी आणि काखेचा कोपरा. "इथे कातडीला त्रास होईल. घडीत कातडीवर कातडी बसते, घाम येतो, घासतं." मी मान हलवली. ऐकलं, पण ठेवून घेतलं नाही.

हृदयाचे दोन आकडेही त्यांनी शेजारी-शेजारी दाखवले. साध्या श्वासात सरासरी ४.३ ग्रे, श्वास धरून २.१. डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या बायकांच्या नोंदींवरून २०१३ साली निघालं होतं की हृदयाला मिळणाऱ्या सरासरी दर ग्रेमागे पुढे हृदयविकाराचा धोका सुमारे सात टक्क्यांनी वाढतो. "सात टक्के कशावर?" यांनी विचारलं. दिवाणजी माणूस, टक्का ऐकला की आधी मुद्दल विचारणार. मूळ धोका जेवढा असेल त्याच्यावर, सर म्हणाले, म्हणून बीपी आणि साखरही सांभाळा. त्या रात्री मी आणखी चार बॉबिनी भरल्या.

सासूबाईंच्या जावेचं कोडंही तिथेच सुटलं. कोबाल्टच्या किरणांचा जोर कातडीखाली अर्ध्या सेंटीमीटरवरच सगळ्यात जास्त असतो. आताच्या लिनिअर ॲक्सिलरेटरचा, म्हणजे विजेवर किरण तयार करणाऱ्या यंत्राचा, माझ्यासाठी वापरलेला किरण दीड सेंटीमीटर आत जाऊन तिथे पूर्ण जोर धरतो, वरची कातडी त्यामानाने वाचते. आणि यात कोबाल्टसारखा किरण फेकणारा धातू ठेवलेलाच नसतो. वीज बंद, किरण बंद. अंगात काही राहत नाही. हे मी घरी येऊन तीनदा सांगितलं, तरी धाकट्या जाऊबाईंनी पहिले आठ दिवस त्यांच्या पोराला माझ्याजवळ येऊ दिलं नाही. नवव्या दिवशी तो स्वतःच येऊन मांडीत बसला.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झालं. सकाळी साडेदहाची सिटी बस, मिरजेत उतरून दहा मिनिटं चालत. पहिल्या दिवशी पाऊण तास लागला, नंतर बारा-पंधरा मिनिटं. जाड दार बंद होतं, सगळे बाहेर जातात, स्पीकरवरून आवाज येतो, "श्वास घ्या... थोडा अजून... धरा." एक घरघर. "सोडा." यंत्राचं डोकं फिरून दुसऱ्या बाजूला जातं. पुन्हा तेच. अंगाला काही म्हणजे काही जाणवत नाही. ना ऊब, ना टोचणं. एवढं शांत की मला पहिले दोन दिवस हे यंत्र चालू तरी आहे का अशी शंका होती.

ठिपक्यांच्या जोडीला मार्करने जांभळ्या रेघा ओढत, त्या पुसायच्या नव्हत्या. आंघोळ चालते, कोमट पाणी, साधा साबण, घासायचं नाही, पावडर, अत्तर, डिओ काही नाही. पण जांभळा रंग ब्लाऊजला लागायचा आणि फिटिंगचं ब्लाऊज, ब्रेसियर वगैरेचा काच नको म्हणून सांगितलेलं. तिथला गाऊन जाड मांजरपाटाचा, काखेत शिवण आलेला. ज्याने शिवला त्याला काख नव्हती बहुतेक. मी जुन्या मलमलच्या ओढणीचं एक झबलं बेतलं, मुंढा खूप खोल, काखेत शिवण नाही, खांद्यावरून पुढे पदर येऊन कुशीला नाडी. शिवणी सगळ्या बाहेरच्या अंगाला. तसलं घालून वर साडी नेसली की कुणाला कळत नाही.

ते बघून जतकडच्या एका मावशींनी हात लावून बघितलं. "कुठनं आणलंस गं?" त्यांचा पूर्ण स्तन काढला होता, शिवाय मानेच्या बाजूलाही लाइट होती. मावशी मिरजेत नात्यातल्यांकडे राहत होत्या आणि रोज माझ्याआधी त्यांचा नंबर. त्यांच्या छातीवर एक गार, जेलीसारखी चादर ठेवत. माझ्या बाबतीत कातडी वाचवायची, तर त्यांच्या बाबतीत डोस कातडीपर्यंत पोचवायचा, कारण तिथे कातडीखालीच धोका. त्या चादरीमुळे किरणाचा जोर वर येतो. म्हणूनच दुसऱ्या आठवड्यात माझी छाती नुसती गुलाबी होती तेव्हा त्यांची तांबडी-काळी झाली होती. गिळताना घसा दुखायचा. "भाकरी जाईना बग, आंबील पिऊन ऱ्हायलेय." मी त्यांना दोन झबली शिवून दिली. पैसे देत होत्या, घेतले नाहीत. मग त्यांनी पुढच्या सोमवारी घरची बाजरी आणली.

आता फजिती. आम्ही सांगलीचे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, आमचं पोट हळदीवर चालतं, यांच्या शर्टाला रोज संध्याकाळी तोच वास. अशा घरात कातडी लाल झाली तर काय होणार? दहाव्या दिवशी संध्याकाळी सासूबाईंनी साजूक तुपात राजापुरी हळद कालवली आणि मी, फिजिसिस्टकडे एवढं शहाणपण पाजळून आलेली मी, लावून घेतली. गार वाटलं खरं. सकाळी धुतली, पण हळद ती, पिवळेपणा गेला नाही आणि जांभळ्या रेघा मात्र गेल्या. टेक्निशियन मुलीने छातीवर दिव्याचा झोत टाकला आणि नुसतं बघत राहिली. "काकू, हळदीकुंकू होतं का?" डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, कातडीवर तेला-तुपाचा जाड थर राहिला तर किरणांचा जोर थोडा वर येतो, मावशींच्या चादरीसारखा, आणि फुटलेल्या कातडीवर घरची पूड गेली तर जंतूंना आमंत्रण. ठिपके होते म्हणून बरं, त्यावरून पुन्हा सगळं जुळवलं. त्यांनी एक सौम्य स्टेरॉइडचं मलम लिहून दिलं, पातळ थर, लाइटच्या आधी नाही. सासूबाईंना मी रागावले नाही. त्यांना दुसरं काय करता येण्यासारखं होतं?

बारा-तेरा सिटिंगनंतर थकवा आला. कामाचा थकवा मला ठाऊक आहे, झोपलं की उतरतो. हा झोपून उठल्यावरही तिथेच असायचा. लग्नसराईची ऑर्डर, अकरा ब्लाऊजं कापून ठेवलेली, आणि मला हुक-काजं करवेनात. सुई ओवायची, दोन टाके घालायचे आणि भिंतीला टेकायचं. डॉक्टरांनी उलटाच सल्ला दिला, रोज अर्धा तास चाला. मला पटलं नव्हतं, पण सकाळी ऊन चढायच्या आत घाटावर जायला लागले. कृष्णेचं पाणी खाली गेलेलं, आयर्विन पुलाखाली पोरं पोहत होती. चालून आलं की दुपारपर्यंत माणसात असायचे. ब्लाऊजांपैकी सात मी केली, चार शेजारच्या गल्लीतल्या बाईंना दिली, काजांसकट.

मधे एक दिवस यंत्र बंद पडलं. तासभर बसवून परत पाठवलं, फोन आधी करता आला असता. एक दिवस पाडव्याचा गेला. राहिलेले दिवस शेवटी जोडून घेतात, डोस तेवढाच पुरा होतो. शनिवार-रविवारची सुट्टी तर मुळात हिशेबात धरलेलीच असते. तेवढ्यात चांगल्या पेशी स्वतःला रफू करून घेतात.

शेवटचे पाच दिवस बूस्टचे, झोत लहान, बाकीच्या छातीला विश्रांती. एप्रिलमध्ये विसावं सिटिंग झालं. त्या दिवशी आरशात बघितलं तर स्तन सुजलेला, जड, काखेचा कोपरा करड्या रंगाचा, तिथले केस गेलेले, घडीत खाज. मध्येच आतून सुई टोचून काढल्यासारखी एक कळ यायची आणि जायची. एवढंच. मी म्हटलं, सुटले. पेढे वाटले.

त्रास त्यानंतर झाला.

संपल्यावर सहाव्या-सातव्या दिवशी घडीतली कातडी ओली झाली. आधी पापुद्रा निघाला, मग आतून पिवळसर पाणी. नवव्या दिवशी, रविवारी, झबलं काढताना कापड चिकटून आलं आणि खाली रुपयाएवढा गुलाबी ओला भाग, त्याच्याशेजारी आणखी दोन. मी कपड्याच्या दुकानातल्या आरशासारखा हात-आरसा खाली धरून बघत होते आणि मला वाटलं, मापात कुठेतरी चूक झाली. दोनशे सदुसष्टचे कुणीतरी सातशे सदुसष्ट दिले. हॉस्पिटलचा नंबर लावला, वाजत राहिला. डिस्चार्जच्या वेळी दिलेला कागद काढला. तो इंग्रजीत होता. मुलाने कॉलेजच्या हॉस्टेलवरून फोनवर वाचून दाखवला. चौथ्या ओळीत लिहिलं होतं की कातडीचा त्रास उपचार संपल्यावर एक-दोन आठवड्यांनी सगळ्यात जास्त असतो.

ही ओळ मला कुणी मराठीत म्हणून दाखवली असती तर ती रविवारची रात्र वाचली असती. वीस दिवस रोज कातडी बघायला तीन-तीन माणसं होती, आणि जेव्हा ती फुटली तेव्हा बघायला मी आणि हात-आरसा. मी हे पुढे डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मराठी कागद अजून निघालेला नाही.

सोमवारी गेले. डॉक्टरांनी बघून सांगितलं, डोस बरोबर आहे, कातडीचा हिशेब उशिरा येतो. किरणांनी कातडीच्या तळातल्या, नवी कातडी तयार करणाऱ्या पेशी कमी केलेल्या असतात. वरची जुनी कातडी नेहमीसारखी झडत जाते आणि खालून भरती येत नाही, तोवर दोन-तीन आठवडे गेलेले असतात. दुकानात जुना माल विकून संपला आणि नवा आलाच नाही, असं. मिठाच्या पाण्याने हलक्या हाताने धुवायचं, टिपून घ्यायचं, सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम, वर न चिकटणारी जाळी. चिकटपट्टी अजिबात लावायची नाही, नाहीतर ती काढताना चांगली कातडीही सोबत येईल. ताप आला, वास आला किंवा लाली बाहेर पसरायला लागली तर थांबायचं नाही, थेट यायचं.

चिकटपट्टी नाही तर जाळी राहणार कशी, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. ते मी केलं. मलमलच्या पट्टीचा एक झोळ शिवला, स्तन खालून अलगद उचलून धरणारा, घडी उघडी राहील असा, बंद मानेमागे. जाळी त्या झोळातच बसायची. दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून पंख्याखाली घडीला वारा द्यायची. तीन दिवसांत पाणी थांबलं. बाराव्या दिवशी कडेने नवी कातडी आत सरकताना दिसली, पातळ, चकचकीत, बाळाच्या तळव्यासारखी. तिसऱ्या आठवड्यात बुजलं. थकवा मात्र जूनच्या पहिल्या पावसापर्यंत रेंगाळला.

मावशींचा फोन मधे आला. त्यांची गळ्याखालची कातडी फुटली होती आणि शेजारणीने हळद सांगितली होती. मी जवळजवळ ओरडलेच. मग जाळीचं नाव मराठीत समजावून सांगितलं, आणि झोळ कसा बेतायचा तेही. पण त्यांना झोळाचा उपयोग नव्हता, उचलायला काही नव्हतंच. त्या स्वतःच हसल्या. त्यांना मी समोर बंदांचं, गळा पार खोल उतरवलेलं आणखी एक झबलं एस.टी.च्या पार्सलने पाठवलं.

सहा आठवड्यांनी तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी कातडी बघितली, हात वर करायला लावला, कोरडा खोकला किंवा धाप आहे का विचारलं. फुफ्फुसाची जी पातळ फोड किरणांत आली ती काही महिन्यांत सुजू शकते, तसं झालं तर गोळ्यांनी बरी होते, पण खोकल्याचं औषध दुकानातून परस्पर आणून पीत बसायचं नाही. मला खोकला नव्हता. फिजिसिस्ट सर व्हरांड्यात भेटले. माझ्याकडे कापडाचा एक तुकडा होता, टक्स घातलेला, मुद्दाम शिवून नेलेला. त्यांनी तो खिशात ठेवला.

घडीतली कातडी अजून दोन छटांची आहे. रुबिया कमी पडला म्हणून दुसऱ्या थानातला जोड दिला की दिसतो तशी. कापड एकच, पण शेजारी-शेजारी ठेवलं की डोळ्याला कळतं.